बाकी

काडय्या, तू चहा पाजून विचारतोयस,
"नबीलालमास्तर, एकतीस वर्षं तुम्ही घंटी ओढली,
आता राजेशम परिवहनचा सभापती होऊ लालाय.
माणूस बरा हाय का ओ?"

बरा म्हणजे काय?
लग्नाला बोलवायला बरा.
मयताला तर सगळ्यांच्या आधी हजर,
तिरडीची कामटी स्वतःच्या हातानं बांधतो, खोटं का बोलू.
पण गाड्या म्हणजे मयत नव्हे.
अजून तरी नव्हे.

डेपोच्या मागं गेलायस हल्ली?
एका गाडीत बाभळ उगवून खिडकीतून बाहेर आलीय.
ड्रायव्हरच्या सीटवर मांजरीनं तीन पिल्लं घातलीत.
पुढची पाटी मात्र अजून बोलते: विडी घरकुल.

हात दे. ही भुवई बघ, इथं केस येत नाहीत.
कशाचा बंद होता तेही आता आठवत नाही.
अशोक चौकात काच फुटली,
आणि फुटलेल्या काचेतून मला तो दिसला.
अठरा वर्षांचा, हातात दुसरा दगड.
पंचनाम्यात मी सांगितलं: अज्ञात इसम.
साहेब म्हणाले, नीट आठवा.
मी नीट आठवलं
आणि पुन्हा तेच सांगितलं.

त्याची आई माझ्या गाडीला होती रे.
पोशव्वा.
पहाटेची पहिली गाडी, मांडीवर विड्यांचं सूप,
वर ओला फडका, बोटांना तंबाखूचा वास.
पदराच्या गाठीत पैसे मोजून बांधलेले.

गेल्या बेस्तरवारी तो घरी आला.
संगं पाच पोरं, दारात तीन मोटारसायकली,
"मास्तर, आशीर्वाद द्या."
म्हटलं, आशीर्वाद राहू दे, एक सांग,
घरकुलची पहिली गाडी किती वाजता सुटायची?
तो पोराकडं बघितला. पोरगं मोबाइलकडं.
मोबाइलमध्ये नुसतं चाक फिरू लागलं.
म्हणाला, "सगळ्या नव्या आणू मास्तर. एसीच्या आणू."
चव्वेचाळीस डिग्री होतं. माझा पंखा बंद.
मी मनात शून्य मार्क दिले
आणि पाणी दिलं.

मग उंबऱ्यावर, एक चप्पल घातलेली, एक हातात,
तो थांबला.
"आई पाच-वीसला घर सोडायची," म्हणाला.
"मी झोपल्याचं सोंग करायचो.
उठलो तर सूप उचलायला लागलं असतं."
पोरं बाहेर हॉर्न वाजवत होती.

गाडीची वेळ त्याला माहीत नाही.
आईची माहीत आहे.
शून्याच्या पुढं आता काय लिहू,
की मागं लिहू?
रात्रभर हिशेब लागला नाही. वेबिल कधी चुकलं नाही माझं,
आणि हे एवढंसं चुकतंय.

तर ऐक.
सुट्टे नसले की आम्ही तिकिटाच्या पाठीवर
आकडा लिहून द्यायचो. उतरताना घ्या.
निम्मे लोक विसरून उतरायचे.
त्या पैशांचे आम्ही भजी खायचो, आता सांगायला काय हरकत.
पोशव्वा कधी विसरली नाही.
चार आण्यांसाठी एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर,
ड्रायव्हर ओरडतोय, मागं ट्रकवाला ओरडतोय,
ती तेलुगूत शांतपणे काहीतरी म्हणतेय
आणि तळहात पुढं.

आता घंटीची दोरी त्याच्या हातात जाणार.
आपण सगळ्यांनी बंदी नोट दिलीय
आणि तो म्हणतोय, सुट्टे नंतर.
ठीक आहे, जाऊ दे गाडी.
पण तिकीट फेकू नको, काडय्या, पाठीवर लिहून घे.
पाच-वीस, एवढंच लिही.
भुवईचं लिहू नको, ते माझं आणि त्याच्या आईचं.

आणि उतरताना
एक पाय पायरीवरच ठेव.